केबलचा ताबा

९ जून १९९७

आज शेळके साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा सांगितला. कारखान्यात मला तीन हंगाम झाले, पण चहा पहिल्यांदाच मिळाला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार.

रंगनाथ शेळके आमचे चीफ इंजिनियर. माणूस शांत, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "प्रज्ञा, साखरेच्या मशीनला आता पीएलसी बसवायचा. चेअरमनसाहेबांच्या मनात आहे. कुठला घ्यायचा ते तू ठरव. तू शिकलेली मुलगी आहेस, तुझ्या सहीला वजन आहे."

माझ्या सहीला वजन! इन्स्ट्रुमेंट विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि आवाज करणारा पंखा. मी अजून हंगामी आहे. हंगाम संपला की पगार निम्म्यावर येतो, आणि मान त्याच्याही खाली. निघताना साहेब म्हणाले, "हे काम नीट उरकलं तर तुझ्या कायमच्या ऑर्डरचं बघतो. मी आहे ना."

घरी आप्पांना सांगितलं. आप्पा याच कारखान्याच्या ऊसयार्डात हंगामी म्हणून लागले आणि हंगामी म्हणूनच घरी आले. कायम हा शब्द ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला. "लेखी दिलं का?" एवढंच विचारलं. म्हातारा कशावर खूश होईल तर शपथ.

१२ जून

आईला पीएलसी समजावून सांगताना माझीच उजळणी झाली. पीएलसी ही पुस्तकाएवढी पेटी. शिजलेला पाक मशीनच्या जाळीत कधी सोडायचा, किती वेळ गरगर फिरवायचा, मळी निथळली की पाणी कधी मारायचं, साखर कधी खाली पाडायची, हे सगळं तीच मशीनला सांगते.

"म्हंजी मुकादमच की," आई म्हणाली.

"हो, पण बिडी न ओढणारा."

"आन त्याला कोन सांगतं?"

त्याला मी सांगते, म्हटलं. कॉम्प्युटरवरून, एका केबलमधून. ती केबल म्हणजे मुकादमाच्या कानात बोलायची नळी. आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या लंकाबाईला सांगून आली की आमची पोरगी आता मुकादमाला हुकूम सोडणार.

२३ जून

तीन कंपन्यांचे कागद आले. एक इतकी महाग की ती बाजूलाच ठेवली. उरल्या दोन, एक देशी, एक जपानी.

पेट्या दोन्ही चांगल्या. जपानी थोडी चपळ, पण आमच्या मशीनला तेवढ्या चपळाईची गरज नाही. पाक काही पळून जात नाही. खरा फरक केबलमध्ये आहे आणि तो कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. देशीची केबल साधी. तीन तारा, दोन्ही टोकांना नेहमीचे प्लग. नगरला रेडिओवाल्याकडे सामान मिळतं, मी स्वतः डाग देऊन अर्ध्या तासात करीन. जपानीची केबल त्यांचीच. गोल प्लग, त्याच्या पिना जगात दुसरीकडे कुठे बसत नाहीत, आणि मध्ये तळहाताएवढी बंद डबी. डबीत काय आहे ते कंपनी सांगत नाही. पुस्तकात केबलचा फोटो आहे, आतल्या तारांची आकृती नाही. किंमत वाचून मला वाटलं टाईप करताना चुकलेत. तेवढ्यात लुना येते.

म्हणजे पेटी एकदाच विकायची आणि कान आपल्या मुठीत ठेवायचा. मला याचा राग आला. पेटी आपण विकत घ्यायची आणि तिच्याशी बोलायला यांची परवानगी मागायची!

टिपणात देशी लिहिलं. खाली सही केली. सही जरा मोठीच आली.

४ जुलै

जपानी कंपनीचा पुण्याचा इंजिनियर पेटी दाखवायला आला. सुनील नाव. पोरगा सरळ आहे. शेळके साहेबांसमोर त्याने दिवे लावून, विझवून दाखवले. साहेब लहान मुलासारखे बघत होते.

साहेब फोनला गेल्यावर सुनील हळूच म्हणाला, "मॅडम, घेतलीच तर केबली दोन घ्या. आमच्या पुण्याच्या ऑफिसातसुद्धा एकच आहे आणि ती कायम फिरतीवर असते. नवी मागवली की जपानहून यायला दोन-अडीच महिने लागतात."

विकणारा माणूसच असं सांगतोय म्हटल्यावर अजून काय पाहिजे? साहेबांना तसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

१५ जुलै

खरेदी समिती झाली. पण त्याआधी सकाळी साहेबांनी बोलावलं. माझं टिपण समोर होतं. "प्रज्ञा, चेअरमनसाहेबांनी जपानी पाहिलाय. तू देशी लिहिलंस तर समितीत तुलाच उभं करतील. तिथे मी तुला सांभाळू शकणार नाही. बदलून दे."

मी केबलचं बोलले. म्हणाले, "अगं, केबल एकदा लागते." एकदा नाही लागत, दर हंगामाला पाक बदलतो, मशीनच्या वेळा बदलाव्या लागतात, असं मी म्हणाले. ते मान हलवत राहिले. त्यांचं मान हलवणं म्हणजे हो आहे की पंख्याच्या वाऱ्याने हलते आहे, ते अजून मला कळलेलं नाही.

टिपण बदललं. जपानी लिहिलं, पुन्हा सही केली. खाली दोन केबली अशी ओळ मात्र मी हट्टाने घातली. समितीत एका संचालकांनी विचारलं, "एका मुकादमाला दोन दोन नळ्या कशाला?" सगळे हसले, ओळ कापली. आईचा दाखला मीच साहेबांना सांगितला होता, तो तिथवर पोचला होता.

राग आला. पण एक आहे, साहेबांनी आधी सांगितलं म्हणून मी समितीपुढे एकटी पडले नाही. त्या बाबतीत ते माझ्या बाजूने आहेत.

२ सप्टेंबर

माल आला. थर्माकोलमध्ये केबल अशी ठेवली होती जसा काही दागिना. हातात घेतली आणि रागावूनसुद्धा मला ती आवडली. काय फिनिशिंग आहे!

माझ्या हातात राहिली मात्र पाच मिनिटं. स्टोअरकीपर कानिफनाथ आले आणि म्हणाले, "मॅडम, किमती वस्तू स्टोअरला ऱ्हाणार. चिठ्ठी द्या, न्या, सांजच्याला परत." मी म्हटलं, ही माझ्या विभागाची आहे. ते म्हणाले, "इभाग तुमचा, कुलूप माझं." रजिस्टरात चेन पुलीच्या खाली तिची नोंद झाली. ताबा स्टोअर, जबाबदारी इन्स्ट्रुमेंट. म्हणजे किल्ली त्यांची आणि मान माझी.

तरी कानिफनाथ माणूस वाईट नाही. पहिल्या हंगामात मला बसायला खुर्ची मिळत नव्हती, तेव्हा यांनीच स्टोअरमधली काढून दिली होती.

१९ सप्टेंबर

मशीन फिरलं! पाकाच्या जागी साधं पाणी घालून चाचणी घेतली. जुन्या पॅनेलची टकटक नाही, काही नाही. पेटीवर हिरवे दिवे एकामागून एक लागतात आणि एवढं मोठं लोखंड त्यांचं ऐकतं. प्रोग्रॅम माझा आहे. सुनीलने फक्त पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, छान लिहिलाय."

वेळा सध्या अंदाजाने घातल्यात. हंगामाच्या तोंडावर बदलाव्या लागतील.

१० ऑक्टोबर

आज खंडेनवमी. स्टोअरसमोर मांडव घातला होता. पाटांवर कारखान्याची सगळी हत्यारं, पाने, हातोडे, चेन पुल्या, वेल्डिंगचे होल्डर, माझा मीटरसुद्धा. झेंडूच्या माळा, नारळ. कामावरची निम्मी माणसं जमलेली. पलीकडे स्टोअरच्या खिडकीशी रिटायर लोकांची दिवाळीच्या साखरेची रांग होती, आप्पाही होते तिच्यात. साखर घेऊन घरी जायचं, आणि दुपारच्या जीपने नागपूर. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीला जातात, चुकवत नाहीत.

मी बघते तर पाटावर, पानाच्या विड्याशेजारी, केबल. मी कानिफनाथांना म्हटलं, "ही नको. हे हत्यार नाहीये."

"मॅडम, हत्यार म्हंजी काय? ज्याच्याबिगर मशीन चालत न्हाई ते हत्यार. व्हय का न्हाई?"

मला बोलायचं होतं की पाणी लागलं तर जाईल. तेवढ्यात शेळके साहेब, पूजेला तेच बसले होते, हसत म्हणाले, "का गं, तुला पूजा चालत नाही का?"

तसं वाईट मनाने म्हणाले नसतील. पण सगळ्या माना वळल्या. आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, आमच्यात पूजा नाही, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. आता मी नको म्हटलं तर ते केबलसाठी म्हटलं असं कोण समजणार? मी म्हटलं, "तसं काही नाही सर."

साहेबांनी डहाळीने पाणी शिंपडलं. एकेका वस्तूला हळदकुंकू लावत आले. केबल उचलली आणि मला विचारलं, "हिचं तोंड कुठलं? मुखालाच लावायचं असतं."

मी दाखवलं. गोल प्लगकडे बोट केलं. त्यांनी ओलं कुंकू बोटाने आत, पिनांवर दाबून लावलं, वर अक्षता.

पूजेला मांडलेलं दसरा होईपर्यंत हलवत नाहीत. केबल पाटावर, ओल्या झेंडूखाली आहे. सुकेल. कुंकवाने काय होतंय?

१७ ऑक्टोबर

केबल बोलत नाही.

काल चिठ्ठी देऊन घेतली. कापसाने, स्पिरिटने जमेल तेवढं पुसलं. आज पेटीला लावली, कॉम्प्युटर नुसता थांबून राहतो आणि म्हणतो, समोर कुणी नाही. पेटीवरचे दिवे चालू आहेत, मशीन जुन्याच वेळांनी फिरतंय. म्हणजे मुकादम ठीक आहे, नळी गेली. लावायच्या आधी डबी उघडून बघायला हवी होती. पण डबी उघडली तर कंपनीची गॅरंटी जाते.

या वेळांवर पाक चालवला तर साखर ओली पडेल, पोतीच्या पोती. हंगाम तोंडावर आलाय. आज जेवण गेलं नाही.

२० ऑक्टोबर

सुनील पुण्याहून त्यांची केबल घेऊन आला. आधी आमची डबी उघडली. आत लालपिवळा थर, तांब्यावर हिरवं चढलेलं, एक चिप जळून काळी. ओल आत गेली आणि वीज मिळाल्याबरोबर सगळं एकमेकाला भिडलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"कुंकू."

तो हसला. मग माझ्याकडे बघून त्याने डबी खाली ठेवली.

त्याच्या केबलीने मशीनच्या वेळा बदलून घेतल्या. हंगाम वाचला, तेवढं एक बरं झालं. पण पाक पुढेमागे बदलणारच, आणि सुनील काही दर वेळी धावत येणार नाही. नवी केबल मागवावी लागेल, हे त्याने साहेबांना माझ्यासमोर सांगितलं. चिपचंही सांगितलं. साहेब मान हलवत होते.

२२ ऑक्टोबर

आज पुन्हा चहा.

"प्रज्ञा, नवी केबल मंजूर करायची तर समिती विचारणार, जुनी का गेली? दोन महिनेपण झाले नाहीत. कुणाचा तरी खुलासा लागतो."

मी म्हटलं, पूजेत ओली झाली, एवढंच खरं आहे.

साहेबांनी कप बाजूला ठेवला. म्हणाले, "पूजेचं नाव काढायचं तर स्टोअरवर येतं. कानिफनाथची नोकरी दोन वर्षं राहिलीय. आणि तुझ्या तोंडून ते... लोक काय म्हणतील ते मी सांगायला पाहिजे का? तू असं लिही, हाताळताना ओल लागली, वेळीच लक्षात आलं नाही. फार तर ताकीद मिळेल. कायमची ऑर्डर मी टाईपला दिलीय. मी आहे ना."

कुंकू कुणी लावलं ते ना त्यांनी काढलं, ना मी. माझ्या जिभेवर होतं. पण त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली आणि मी एक घेतलं.

दुपारी स्टोअरला गेले. कानिफनाथांना विचारलं, केबलला कुंकू कुणी लावलं आठवतं ना? ते कुलपाशी खेळत म्हणाले, "लई गर्दी हुती मॅडम. कुनी काय लावलं, कुनाला ठावं?" मग फिटर गोरक्षला विचारलं. तो म्हणे मी नारळ फोडत होतो. इतकी माणसं होती आणि सगळ्यांची नजर नेमकी नारळावर!

२४ ऑक्टोबर

आप्पांना सांगायचं नव्हतं. आईने ताटात उरलेलं बघून ओळखलं आणि काढून घेतलं.

आप्पा ऐकत होते. मग अगदी सहज म्हणाले, "शेळक्यानी लावलं की. मी पाह्यलं. साखरेच्या रांगेत हुतो न्हवं का. त्यानी तुला विचारलं, तू बोट दाखीवलं, त्यानी कुकू आत कोंबलं. मला वाटलं ही आता बोलंल, आता बोलंल."

मी ताट बाजूला सारलं.

"मी येतो. सांगतो येमडी सायबाला. आपल्याला कुनाचं भ्याव हाय?"

"नको," मी ओरडलेच. "तुम्ही माझे वडील. तुमचं कोण खरं मानणार? वर म्हणतील, यांना पूजा खुपते म्हणून बापलेकीने रचलं."

"म्हनूं दे. खरं ते खरं."

आई म्हणाली, "खरं घिऊन कुठं जायाचं? पोरीला कायम हुं द्या." मग आप्पा आणि आईची जुंपली. आप्पा म्हणत होते की जन्मात कुणापुढे मान तुकवली नाही, आई म्हणत होती म्हणूनच हंगामी राहिले. दोघांचंही खरं होतं, आणि मी दोघांवरही चिडले. शेवटी म्हटलं, मी बघते, तुम्ही कुणी यायचं नाही.

२५ ऑक्टोबर

खुलासा लिहून दिला. "माझ्याकडून हाताळताना केबलला ओल लागली व ती माझ्या निष्काळजीपणामुळे वेळीच लक्षात आली नाही." वाक्य साहेबांचं, अक्षर माझं.

स्वतःला समजावते आहे की हे अगदीच खोटं नाही. तोंड मीच दाखवलं. डबी न उघडता केबल मीच लावली. कानिफनाथांची नोकरी वाचली. पण मला लाज वाटते आहे आणि ती यातल्या कशानेही कमी होत नाही.

साहेब म्हणाले, "शहाणी आहेस. घरी बोलायची काही गरज नाही." बोलले नाही. आप्पांनी विचारलं काय झालं, म्हटलं, चाललंय.

१ नोव्हेंबर

दिवाळी. मिळालेल्या साखरेच्या आईने करंज्या केल्या. आप्पा अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला जय भीम घालत होते. दोनदा माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. दोन्ही वेळेला मी उठून आत गेले.

६ नोव्हेंबर

आजच लिहिते, नाहीतर उद्या मी हे वेगळं आठवेन.

बाराच्या सुमाराला शिपाई आला, एम.डी. साहेबांनी बोलावलंय. वाटलं ऑर्डर. केस नीट केले आणि गेले. आत एम.डी., बाजूच्या खुर्चीत शेळके साहेब, आणि टेबलासमोर आप्पा. उभे. पांढरं स्वच्छ धोतर, ठेवणीतला कोट. मला न सांगता आले होते.

एम.डी. साहेब चिडलेले नव्हते, त्यांना जेवायला जायचं होतं. "हे पहा, भीमराज म्हणतात की केबलला कुंकू शेळके साहेबांनी लावलं, यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि हा तुमचा खुलासा. निष्काळजीपणा माझा, म्हणून सही केलेली. दोन्ही तर खरं असू शकत नाही. एक तर वडील खोटं बोलतात, नाहीतर तुम्ही लेखी खोटं दिलं. लेखी खोटं दिलं असेल तर मग ऑर्डर सोडाच, आहे ते पण राहणार नाही. बोला."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. खुलाशाचं त्यांना माहीतच नव्हतं.

"बघू," ते म्हणाले. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि मला विचारलं, "ही तुझी सई हाय?"

"हो."

शेळके साहेब टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, सही माझी पण खरं आप्पांचं. एवढंच. पाच शब्द. मी श्वास घेतला आणि डोळ्यांसमोर ती ऑर्डर आली, टाईप केलेली, गोल शिक्का मारलेली. त्या एका श्वासाएवढा उशीर झाला.

आप्पांनी कागद टेबलावर ठेवला. सरळ केला. म्हणाले, "मग मलाच नीट दिसलं नसंल साहेब. डोळ्यात मोतीबिंदू हाय. रांग बी लांब हुती. पोरीनं लिव्हलंय ते खरं."

"अहो, मग एवढ्या मोठ्या माणसावर आळ घेता?" एम.डी. म्हणाले.

आप्पांनी हात जोडले. शेळके साहेबांकडे वळून. माझ्या आप्पांनी. "चुकलं माझं."

शेळके साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो. वय झालंय. मी काही मनात धरत नाही."

आणि मी, "थँक यू सर," म्हणाले. हे मी लिहून ठेवते आहे. मी त्यांना थँक यू म्हणाले.

गेटपर्यंत आप्पांबरोबर गेले. म्हटलं, आप्पा, मी... ते म्हणाले, "जा, कामाला लाग. मशीन चालू हाय तुझं." मोतीबिंदू वगैरे काही नाही. परवाच आईच्या सुईत दोरा ओवून दिला होता त्यांनी.

२७ नोव्हेंबर

ऑर्डर मिळाली. मी कायम झाले.

स्टोअरमध्ये कानिफनाथांनी हात जोडून अभिनंदन केलं आणि नजर खाली घातली. नवी केबल जपानहून निघाली आहे म्हणे, अजून यायची आहे. तोवर मशीनला काही सांगता येत नाही. जसं सांगून ठेवलंय तसं ते फिरतंय.

घरी आईने पेढे आणले. आप्पांनी ऑर्डर मागून घेतली आणि उंबऱ्यात बसले. उजेड उतरला होता, चष्मा लावला नाही. पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. पद, पगार, अटी. एक अट अशी, "प्रोग्रॅमिंग केबलचा ताबा व संपूर्ण जबाबदारी यापुढे आपणाकडे राहील. पूर्वी दिलेला खुलासा सेवापुस्तकात कायम राहील. केबलची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपविल्याखेरीज राजीनामा मंजूर केला जाणार नाही." दुसरं कोणी नाहीच. ते आप्पांना माहीत आहे, साहेबांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. आप्पा थांबले नाहीत. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"चांगली हाय," म्हणाले आणि घडी करून माझ्या हातात दिली. पेढा घेतला.

मला वाटलं, ओरडतील, तोंड फिरवतील. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर

सकाळी आप्पा काष्टीच्या स्टँडवर मला सोडायला आले. कधी येत नाहीत. कारखान्याच्या बसची वाट बघत आमच्या पाळीची सगळी माणसं उभी होती. गोरक्ष होता, यार्डातले दोघे होते. गोरक्षने विचारलं, "भीमराजभाऊ, डोळ्याचं कसं हाय? आपरेशन कवा?" म्हणजे सगळ्यांना कळलेलं होतं.

"हंगाम झाला की बघू," आप्पा म्हणाले.

समोरून बस आली. तांबडी नाही, आमची पांढरी, वर हातभर अक्षरात कारखान्याचं नाव. पार वळणावरून दिसते. आप्पांनी डोळे बारीक केले, हात पुढे करून चाचपला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने विचारलं,

"कुठली बस हाय गं ती? मला दिसत न्हाई."

"आपलीच आहे, आप्पा," मी म्हणाले.